खायची करडई, पेरायची करडई

माझ्या मुलीला दूध चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालतच नाही. ती दीड वर्षाची असताना शेजारच्या घरी कुणीतरी कौतुकानं तिच्या हातात पेढा दिला. वालूरहून जीपमधून परभणीला पोचेपर्यंत तिचे ओठ, डोळे, गळा सगळं सुजलं होतं आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी तिला वाचवलं. मग मला समोर बसवून सांगितलं की दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, यातलं काहीही नको, भांडी आणि चमचेसुद्धा वेगळे ठेवा. आमच्या दारात तेव्हा दोन म्हशी होत्या. तुपाशिवाय पुरण आणि ताकाशिवाय कढी त्या घरात कुणाला माहीत नव्हती.

सासूबाईंना पहिले काही महिने हे पटलंच नाही. दृष्ट लागली असेल, असं त्यांना वाटायचं. पण पुढं एकदा मुलगी दुसऱ्या पोरांच्या वाटीतली खीर बघून रडली, तेव्हा त्याच उठल्या आणि उतरंडीतून करडई काढली. त्यांच्या माहेरी म्हैस आटली की करडईचं दूध काढून खीर करायचे. करडई रात्री भिजत घालायची, सकाळी वाटायची, फडक्यातून पिळायची. निघालेलं पांढरं दूध कांडून शिजवलेल्या गव्हात घालायचं आणि एका अंगानं ढवळत राहायचं, नाहीतर फाटतं. गूळ शेवटी. मुलीनं दोन वाट्या खाल्ल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात माझी एक वेगळी चूल सुरू झाली म्हणा ना. शेंगदाण्याच्या दुधाचं दही, तिळाच्या कुटातली कढी, तेलातली पुरणपोळी, सगळं चुकत-माकत शिकले.

मुलगी परभणीला शिकायला गेली, वसतिगृहात राहायला लागली, आणि तिनंच मला फोनवरच्या एका गटात घातलं. दूध, तूप, अंडी, मध काहीच न वापरता स्वयंपाक करणाऱ्या साठ-सत्तर मराठी बायका. कुणी इंदूरची, कुणी बडोद्याची, कुणी बेंगळुरूची, दोघी-तिघी तर आखातातल्या. ‘वीगन’ हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा वाचला. कुणी जनावरांच्या मायेनं दूध सोडलेलं, कुणी दुखण्यामुळं. गट चालवायच्या त्या इंदूरच्या एक निवृत्त शिक्षिका. आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणायचो. बाकीच्यांना आम्ही गावावरूनच ओळखायचो. नागपूरवाली, रायपूरवाली, आणि मी वालूरवाली.

खरं सांगायचं तर मला तिथं मान होता. शहरातल्या बायका बदामाचं दूध, काजूचं चीज असलं महागाचं लिहायच्या. मी जवस, कारळ, करडई, अंबाडीचं लिहायचे. त्यांना ते नवं वाटायचं. सकाळी फोन उघडला की कुणीतरी लिहिलेलं असायचं, वालूरवाल्या ताई, तुमची कढी केली, घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. बारावी शिकून चुलीपाशी बसलेल्या बाईला एवढं पुष्कळ होतं. सासूबाई म्हणायच्या, ह्या फोनातल्या बाया तुला घरातल्या माणसापेक्षा जवळच्या झाल्यात.

त्या वर्षी रब्बीच्या पेरण्यांचे दिवस होते. करडईच्या दुधाची खीर मी गटात सविस्तर लिहिली होती. सोमवारी संध्याकाळी रायपूरवालीनं विचारलं, की इथल्या किराणा दुकानांत करडई मिळत नाही, नावसुद्धा कुणाला माहीत नाही, कुठं बघू? मी भाकरी थापत होते. एका बोटानं, पिठाच्या हातानंच लिहिलं, “बियाण्याच्या दुकानात विचारा, तिथं नक्की मिळेल.” आणि भाकरी उलटली.

आमच्या गावात बियाण्याचं दुकान आणि धान्याचं दुकान एकच आहे. गोण्यांतली मोकळी करडई तिथंच मिळते आणि पिशवीबंद बियाणंही तिथंच. माझ्या डोळ्यांसमोर त्या गोण्या होत्या. रायपूरला बियाण्याच्या दुकानात काय मिळतं, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी शेतात भाकरी घेऊन गेले. फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. हे तिफण जुंपत होते आणि माझे दीर बांधावर बसून घमेल्यात करडईला औषध चोळत होते. पेरण्याआधी बियाण्याला कीड, बुरशी लागू नये म्हणून जी पावडर लावतात, तिला आमच्याकडं औषधच म्हणतात. घमेल्यातली करडई गुलाबी झाली होती. हातमोज्यांवर, बाहीवर, सगळीकडं गुलाबी डाग. मी जवळ गेले तसे ते म्हणाले, “वयनी, तिकडं लिंबाखाली ठेवा भाकरी. हात धुतल्याबिगर जेवायचं न्हाई, लय जहरी हाय ह्ये.”

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. त्या दिवशी ते ऐकलं आणि माझे पाय तिथंच थांबले. सोमवारचं माझं उत्तर जसंच्या तसं आठवलं. बियाण्याच्या दुकानात विचारा.

मी दिरांना विचारलं, विकतच्या पिशवीतल्या बियाण्याला औषध आधीच लावलेलं असतं का. ते म्हणाले, असतंच की, म्हणून तर ते रंगीत असतं, पिशवीवर लिहिलेलं असतं खाऊ नये म्हणून. का विचारायलात? मी भाकरीचं गठुडं त्यांच्यापाशीच टाकलं आणि निघाले. पाठीमागून ह्यांनी हाक मारलेली ऐकू आली. थांबले नाही.

शेत गावापासून दीड किलोमीटर. ढेकळांतून पळता येत नव्हतं, चप्पल एकदा तुटली तशी हातात घेतली. पळताना मी स्वतःला समजावत होते. तिला मिळालीच नसेल. मिळाली तरी लगेच कोण करतं? आणि रंग दिसल्यावर कुणीही विचारेलच.

घरात शिरले, फोन ओढून घेतला. गटात सकाळपासून पंधरा-वीस निरोप होते. आठ वाजता रायपूरवालीनं फोटो टाकला होता. स्टीलच्या पातेल्यात भिजलेली करडई आणि वर गुलाबी पाणी. खाली तिनं लिहिलं होतं, “करडईच्या फुलांपासून रंग करतात असं वाचलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं. किती सुंदर गुलाबी! आज बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. जेवायला पंधरा माणसं आहेत. वालूरवाल्या ताईंची खीर.” त्याखाली सात-आठ जणींनी लाल बदामाच्या खुणा टाकल्या होत्या. एकीनं लिहिलं होतं, रंग गाळू नका, छान दिसेल खिरीत.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

त्या क्षणी मी जे केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी आधी तिला फोन लावायला हवा होता. पण माझा अंगठा वर सरकत गेला, सोमवारच्या माझ्या उत्तरापर्यंत. मी त्यावर बोट दाबून धरलं. सगळ्यांसाठी काढून टाकायचं का, असा प्रश्न पडद्यावर आला. मी तो वाचत उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. पाच सेकंद असतील, दहा असतील. मग सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “काय झालंय? तोंड का असं झालंय तुझं?” मी बोट उचललं. त्या आल्या नसत्या तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

तिला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गटात लिहिलं, “रायपूरच्या ताई, खीर करू नका. केली असेल तर कुणाला देऊ नका. ती पेरायची करडई आहे, तिला विषारी पावडर लावलेली असते. चूक माझी आहे.” घाईत त्या तीन ओळी तीनदा लिहाव्या लागल्या. मग तेच तिला एकटीला बोलूनही पाठवलं. त्या निरोपापुढं एकच खूण दिसत होती. म्हणजे तिच्यापर्यंत तो पोचलेलाही नव्हता.

ताईंना फोन केला. त्यांनी एका वाक्यात समजून घेतलं. शिक्षिका होत्या, आवाज चढवला नाही. त्यांच्याकडं तरी काय होतं? तिचा नंबर, तेवढाच. आडनाव नाही, पत्ता नाही. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या स्वयंपाकघरात वावरत होतो, कुणाच्या घरी कोणतं तेल वापरतात हे आम्हाला पाठ होतं, पण कुठल्या गल्लीत कुणाचं घर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ताई म्हणाल्या, मी सगळ्यांना विचारते, तुम्ही तिला फोन लावत राहा.

मी लावत राहिले. सासूबाईंना मी तुटक तुटक सगळं सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, “खायची करडई येगळी, पेरायची येगळी. ह्ये बी कुणाला सांगावं लागतं व्हय?”

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. आमच्या गावात चार वर्षांच्या पोरालाही रंगीत बियाण्याला हात लावू नये हे कळतं. जे आम्हाला चालता-बोलता कळतं, ते लिहायचं असतं हे मला सुचलं नाही. एका अंगानं ढवळा, हे मी लिहिलं होतं. गूळ शेवटी घाला, हेही लिहिलं होतं. नेमकं हे राहिलं.

सव्वाअकराला ताईंचा फोन आला. नागपूरवालीला काहीतरी आठवलं होतं. मागं कधीतरी तिनं रायपूरला सांडगे आणि ज्वारीचे पापड पाठवले होते. त्या वेळचा पत्ता तिच्या जुन्या निरोपांत सापडला, आणि घरी कुणी नसलं तर पार्सल ठेवायला म्हणून इमारतीखालच्या किराणा दुकानाचा नंबरही होता. नागपूरवाली त्या दुकानाला फोन लावत होती. लागत नव्हता. लागला तर गिऱ्हाईक होतं, थांबा म्हणाला. मग कट झाला. हे सगळं ताई मला एकेक करून सांगत होत्या आणि मी हातातला फोन इतका घट्ट धरला होता की कान दुखायला लागला.

तेवढ्यात हे आणि दीर गाडीवरून आले. मला त्यांचीही भीती वाटत होती, पण दिरांनी माझ्या हातातून फोन घेतला. फोटो बघितला, निरखून बघितला, मग म्हणाले, “त्यांना सांगा, उलटीबिलटी घरी काढायला जाऊ नका म्हणावं. सरळ दवाखान्यात जा. अन् जाताना ती करडई न्या, दुकानातली पिशवी भेटली तर ती बी न्या. डॉक्टर पयलं तेच विचारते.” आदल्या साली फवारणी करताना आमच्याकडचा एक मजूर शेतात पडला होता. त्याला सेलूच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी औषधाची बाटली मागितली होती आणि ती आणायला दीरच परत शेतात पळाले होते. मी ते शब्द तसेच ताईंना सांगितले, ताईंनी नागपूरला.

अकरा चाळीसला नागपूरवालीनं गटात लिहिलं, “दुकानदार वर गेलाय.”

पुढची वीस मिनिटं कुणी काहीच लिहिलं नाही. सत्तर बायका आपापल्या घरी फोन धरून बसल्या असतील. मी उंबऱ्यावर बसले होते. हे आतबाहेर करत होते. सासूबाईंनी मला पाण्याचा तांब्या दिला, तो तसाच मांडीवर राहिला. मला सारखी ती पंधरा माणसं दिसत होती. पंगत बसलेली आणि वाढायला लागलेली.

बाराला नागपूरवालीनं मला सरळ फोन केला. आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो. तिचा आवाज तरुण होता, मी तिला म्हातारी समजत होते. ती म्हणाली की पंगत अजून बसायची होती. मिक्सर आणि पाहुण्यांच्या गडबडीत रायपूरवालीचा फोन आतल्या खोलीत पडून होता, नेटही बंद. खीर तयार होती. पाहुण्यांपैकी कुणी खाल्ली नव्हती.

“आणि ती?” मी विचारलं.

“तिनं गोड बघायला दोन-तीनदा चमचाभर घेतली. आणि बाबांना पहिली वाटी दिली. त्यांनी अर्धी खाल्ली. कडू लागते म्हणाले, पण लेकीनं केली म्हणून खाल्ली. दोघांना घेऊन निघालेत दवाखान्यात. बियाणं सोबत घेतलंय.”

मी फोन खाली ठेवला आणि सासूबाईंच्या पायांपाशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण काही होत नाही असं म्हणाल्या नाहीत. खोटा धीर देणारी बाई नाहीच ती.

दुपारभर नीट काही कळेना. अडीचला कळलं की वडिलांना उलट्या होतायत, चक्कर येतेय, सलाईन लावलंय. तीनला काही नाही. साडेतीनला कुणीतरी गटात लिहिलं, की ज्यांना स्वतःला पुरती माहिती नाही त्यांनी सल्ले देऊ नयेत, लोकांच्या जिवाशी खेळ आहे. खाली दोघींनी होकार दिला. बडोद्याची एक गट सोडून गेली. मी सगळं वाचत होते. चूक तीच होती जी त्या म्हणत होत्या. मुलीचा परभणीहून फोन आला, तिनं गटात वाचलं होतं. ती म्हणाली, आई, तू फोन बंद करून ठेव थोडा वेळ. मी म्हटलं, आज नाही.

दिवेलागणीला ताईंनी लिहिलं, दोघंही ठीक आहेत. बियाणं सोबत नेल्यामुळं डॉक्टरांना लवकर कळलं. अर्धी वाटी होती आणि दोनदा धुतलेली करडई होती म्हणून थोडक्यात निभावलं. वडिलांना एक-दोन दिवस ठेवून घेणार आहेत. त्याखाली ताईंनी आणखी एक ओळ लिहिली होती, की वालूरच्या ताईंनी आपला निरोप काढून टाकलेला नाही आणि तो तसाच राहील, म्हणजे पुन्हा कुणी चुकणार नाही. ती ओळ वाचून मला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

रायपूरवालीचा फोन चौथ्या दिवशी आला. मी बोलायला लागले, माफी मागायला लागले, तिनं थोडा वेळ मला बोलू दिलं. मग म्हणाली, “पिशवी फाटलेली होती, दुकानदारानं मोकळी तोलून दिली. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुमची एकटीची चूक नाही.” मला बरं वाटायच्या आत ती पुढं म्हणाली, “पण तुम्ही लिहिलं म्हणून मी डोळे झाकून केलं, ताई. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी विचारलं असतं.”

मी विचारलं, बाबा कसे आहेत. ती म्हणाली, घरी आलेत, अशक्तपणा आहे. मग म्हणाली, “ते विचारत होते, खरी खीर लागते कशी.”

मी घरची करडई निवडून, चाळून, दोन किलो बांधून ठेवली. पाठवली मात्र नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, पोस्टात टाकू का. पण ते पार्सल तिच्या दारात गेलं तर तिला काय वाटेल, हे मला कळेना. शेवटी ती करडई आम्हीच खाल्ली.

त्यानंतर बरेच दिवस मी गटात काही लिहिलं नाही. वाचत मात्र होते. ताईंनी एक नवा नियम केला, की पदार्थाबरोबर माल कुठून आणि कसा घ्यायचा तेही लिहायचं. पहिल्यांदा बायकांनी उत्साहानं लिहिलं, मग हळूहळू विसरल्या, ताई परत आठवण करून द्यायच्या. रायपूरवालीही गटात होती. ती इतरांशी बोलायची, माझं नाव तिनं काढलं नाही. मला ते बरोबर वाटायचं आणि लागायचंही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी तिचा निरोप आला, सगळ्यांसमोर, माझं नाव घेऊन. तिला जवसाची चटणी करायची होती. “वालूरच्या ताई, जवस कुठून घ्यायचा, कसा ओळखायचा, ते नीट लिहा.”

मला जवसाची चटणी डोळे मिटून करता येते. तरी मी लगेच लिहिलं नाही. चप्पल घातली, बाजारात गेले, त्याच बियाण्या-धान्याच्या दुकानात. दुकानदाराला विचारलं, खायचा जवस आणि पेरायचा जवस एकाच जागी ठेवता का. तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून त्याचं हसू गेलं आणि त्यानं मला आत नेऊन दोन्ही दाखवले. पेरायचा रंग लावलेला, शिवलेल्या पिशवीत, वर इशारा छापलेला. खायचा मोकळा, तपकिरी, चमकदार. मी दोन्हीचे फोटो काढले. घरी येऊन लिहायला बसले. बियाण्याच्या दुकानात अजिबात जाऊ नका, किराण्यातूनच घ्या, पाकिटावर खाण्यासाठी असं लिहिलेलं बघा, पाण्यात टाकून रंग सुटतो का बघा, सुटला तर फेकून द्या, शंका आली तर करू नका, मला फोन करा. चटणी चार ओळींत झाली आणि हे सगळं वीस ओळींत. दोनदा वाचलं, मुलीला पाठवून तिच्याकडून वाचून घेतलं, मग टाकलं.

तासाभरानं रायपूरवालीचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, “ठीक आहे.” आणि थोड्या वेळानं आणखी एक ओळ होती, “लसूण किती पाकळ्या?”

मी लिहिलं, दहा-बारा, सोललेल्या, न भाजता.